उंदराच्या सापळ्याची गोष्ट

मंडळी, आज ज्या वस्तूची गोष्ट सांगायची आहे, ती आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. माळ्यावर, चुलीमागच्या कोनाड्यात, नाहीतर गोठ्यातल्या खुंटीवर ती अडकवलेली असते. वीतभर लांबीची एक फळी, तिच्यावर पोलादी तारेची स्प्रिंग, वाकवलेल्या तारेचा एक चाप आणि लहानसा खटका. कुणी तिला सापळा म्हणतात, कुणी उंदीरचाप म्हणतात. घरातल्या पोराचं बोट तिच्यात एकदा तरी सापडलेलं असतं, म्हणून पोरं तिला जरा वचकूनच असतात.

एवढ्याशा वस्तूला कसला आलाय इतिहास, असं तुम्ही म्हणाल. पण इतिहास काही नुसता गडकिल्ल्यांचा आणि लढायांचा नसतो. ज्या उंदरामागून आलेल्या रोगाने आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली, त्या उंदराशी माणसाने कसा सामना दिला, कुठे तो चुकला आणि चुकून काय शिकला, हाही इतिहासच आहे. शिवाय ही गोष्ट नीट समजली, तर घरातला सापळा कसा निवडावा, कसा लावावा आणि कसा जपावा, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

उंदीर आणि माणूस यांची गाठ पडली ती धान्यामुळे. माणूस शेती करू लागला, पीक आले, उरलेले धान्य त्याने साठवून ठेवले, आणि त्या साठ्याच्या वासावर उंदीर आला. आपल्याकडे अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात पिकाची नासाडी करणाऱ्या आखूला, म्हणजे उंदरासारख्या जीवांना, हाकलण्यासाठी एक सूक्तच आहे. त्याच्याही फार पूर्वीच्या मोहेंजोदडो नगरीच्या उत्खननात भाजलेल्या मातीचे काही लहान नळे सापडले. त्यांना भोके पाडलेली होती. तिथे उत्खनन करणाऱ्या मॅके नावाच्या संशोधकांनी ते उंदराचे सापळे असावेत असे मानले. म्हणजे बघा, कणगी आणि सापळा या दोन्ही वस्तू जवळजवळ एकाच वयाच्या आहेत.

जुने सापळे बहुतेक वजनावर चालत. दगड किंवा लाकडाचा ओंडका काडीने उचलून धरायचा, काडीला आमिष बांधायचे, उंदराने काडी हलवली की ओंडका खाली. दुसरा प्रकार पिंजऱ्याचा. त्यात दार पडते आणि उंदीर जिवंत सापडतो. तिसरा प्रकार ताणाचा, आणि आपला स्प्रिंगचा सापळा याच कुळातला. यात वजनाऐवजी ताण काम करतो. वाकवलेला बांबू सरळ व्हायला धडपडतो, पिळलेली दोरी उलगडायला धडपडते. त्या धडपडीला एका लहानशा काडीने थोपवून धरायचे, आणि ती काडी उंदराच्या नाकापुढे ठेवायची, एवढीच ती युक्ती.

या युक्तीचा फार सुंदर नमुना आपल्याच देशात आहे. तंजावर म्हटले की मराठी माणसाला भोसल्यांचे राज्य आणि तिथला सरस्वती महाल आठवतो. त्याच तंजावरच्या कावेरीकाठी भातशेती मोठी, आणि भाताबरोबर उंदीरही मोठा. तिथल्या लोकांनी बांबू आणि दोरी यांचा धनुष्यासारखा सापळा केला. त्याला ते किट्टी म्हणतात. बांबूची कांब वाकवून ताणायची, थोडे आमिष ठेवायचे आणि संध्याकाळी बांधाबांधाने हे सापळे मांडत जायचे. उंदराने आमिषाला तोंड लावले की धनुष्य सुटते. सकाळी सापळेवाला येतो आणि मेलेले उंदीर गोळा करतो. या सापळ्याला लोखंड लागत नाही, कारखाना लागत नाही. लागते ती फक्त पारख. उंदराची वाट कोणती, तो कोणत्या बांधावरून येतो आणि कोणत्या बिळात जातो, हे त्या माणसाला पाठ असते. ही पारख लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

युरोपातही असे सापळे जुनेच. इंग्लंडात लेनर्ड मॅस्कल नावाच्या गृहस्थाने 1590 साली छापलेल्या पुस्तकात उंदरांसाठी आणि इतर उपद्रवी प्राण्यांसाठी कितीतरी सापळे चित्रांसह दिले आहेत. पण ते सगळे हाताने, एकेक करून बनवायचे. पुढे पोलादाची चांगली तार स्वस्त झाली, तेव्हा कुठे आजचा सापळा जन्माला आला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ॲबिंग्डन नावाचे एक लहान गाव आहे. तिथल्या विल्यम हूकर यांनी 6 नोव्हेंबर 1894 रोजी फळी, स्प्रिंग आणि चाप असलेल्या सापळ्याचे पेटंट घेतले. इंग्लंडात लीड्स शहरातल्या जेम्स ॲटकिन्सन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने त्याच दशकाच्या अखेरीस असाच सापळा काढला. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन मास्ट यांनी 1903 साली आणखी एका सुधारलेल्या सापळ्याचे पेटंट मिळवले. तेव्हापासून आजपर्यंत या वस्तूचे रूप फारसे बदललेले नाही. सव्वाशे वर्षांत आगगाडी बदलली, दिवा बदलला, हा सापळा मात्र तसाच आहे.

आता 1894 हे साल ध्यानात ठेवा. कारण त्याच साली जगाच्या दुसऱ्या टोकाला, हाँगकाँगमध्ये, प्लेगची भयंकर साथ चालू होती. तिथे अलेक्झांडर येर्सँ या शास्त्रज्ञाने जून महिन्यात प्लेगचा जंतू शोधून काढला. मेलेल्या उंदरांच्या शरीरातही तोच जंतू असल्याचे त्याला दिसले. म्हणजे सापळा आणि प्लेगचे कारण, दोन्ही गोष्टी एकाच वर्षी माणसाच्या हाती आल्या. पण हाती येणे वेगळे आणि त्यांची गाठ घालणे वेगळे. ती गाठ घालायला पुढे दहा-बारा वर्षे लागली, आणि त्या दहा-बारा वर्षांची किंमत आपल्या लोकांनी मोजली.

दोन वर्षांनी, म्हणजे सप्टेंबर 1896 मध्ये, प्लेग मुंबईत उतरला. बंदराजवळच्या मांडवी भागात, जिथे धान्याची गोदामे आणि दाट वस्ती होती, तिथे मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी तो ओळखला. गोदामातले उंदीर आधी मरत होते आणि माणसे मागाहून. पुढे गावोगावी लोकांना हे अनुभवाने कळले. ‘उंदीर पडला’ असा शब्दच आपल्या बोलीत रूढ झाला. घरात उंदीर पडू लागले की लोक घराला कुलूप घालून शेतात, माळावर झोपड्या बांधून राहू लागले. खेड्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना जंतू ठाऊक नव्हता, पिसू ठाऊक नव्हती. पण उंदीर पडणे आणि गाठ येणे यांचा काही संबंध आहे, एवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

सरकारने मात्र पहिला मोर्चा वळवला तो माणसांकडे. फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग समिती आली. गोरे शिपाई घराघरांत शिरू लागले, माणसे तपासू लागले. आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेऊ लागले. सामान रस्त्यावर येऊ लागले, देवघरापर्यंत बूट गेले, बायकांच्या तपासणीने लोकांच्या मनाला डागण्या बसल्या. पुढे 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी काय केले, ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्याच साली 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्यांनाच तो रोग जडला होता.

रोग्याला वेगळे ठेवावे, घर स्वच्छ करावे, यात मुळात चूक काही नव्हती. पण सगळी शक्ती माणसांना धरण्यात खर्च झाली, आणि भिंतीतून व कौलांतून पळणारा उंदीर मोकळा राहिला. एका घरातले लोक छावणीत गेले, तरी त्या घरातला उंदीर शेजाऱ्याच्या घरात जायला मोकळाच होता. सापळा उंदराच्या वाटेवर लावायचा असतो. इथे तो लागला माणसांच्या वाटेवर. त्यामुळे लोक आजार लपवू लागले, रोग्याला लपवू लागले, आणि रोग आणखी पसरला.

मग उंदराचा आणि माणसाचा धागा जुळला कसा? पॉल-लुई सिमाँ नावाचे एक फ्रेंच डॉक्टर त्या दिवसांत मुंबईत आणि नंतर कराचीत काम करत होते. प्लेगच्या काही रोग्यांच्या अंगावर त्यांना चावा घेतल्यासारखे बारीक फोड दिसले. त्यांना पिसवेचा संशय आला. जून 1898 मध्ये कराचीत त्यांनी एक साधा प्रयोग केला. मोठ्या बरणीत प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला. तो मरणाला टेकल्यावर जाळीच्या पिंजऱ्यात घालून एक निरोगी उंदीर बरणीत सोडला. दोघांची शरीरे एकमेकांना लागत नव्हती, पण जाळीतून पिसवांना ये-जा करता येत होती. काही दिवसांतच निरोगी उंदीर प्लेगने मेला. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडले की पिसवा त्याला सोडतात आणि जवळ जो ऊबदार देह सापडेल त्यावर उडी घेतात, हे गुपित उलगडले.

पण त्यांचे म्हणणे लगेच कुणी मानले नाही. अखेर 1905 साली मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत नव्या आयोगाने काम सुरू केले. ही तीच प्रयोगशाळा, जिच्याशी हाफकिन यांचे नाव पुढे कायमचे जोडले गेले. त्यांनी प्लेगची लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. या आयोगाने गिनीपिगांचे पिंजरे प्लेगच्या जागी टांगून पाहिले. जमिनीपासून दोनच इंच वर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना रोग झाला. दोन फूट वर टांगलेल्यांना झाला नाही, कारण पिसवेची उडी तेवढी जात नाही. रोग हवेतून येत असता, तर वरचे प्राणीही वाचले नसते. मुंबईत पकडलेले आणि मेलेले हजारो उंदीर परळला तपासले गेले. आधी उंदरांत साथ येते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी माणसांत येते, हेही दिसून आले. खेड्यातल्या म्हाताऱ्यांनी जे पाहिले होते, त्याला आता शास्त्राचा आधार मिळाला.

त्यानंतर उंदीर पकडण्याच्या मोहिमा निघाल्या. सापळा आणि पिंजरा आता नुसती घरातली वस्तू राहिली नाही, सार्वजनिक आरोग्याचे हत्यार झाली. पण इथेही दोन अडचणी आल्या, आणि दोन्ही आपल्याला आजही शिकवण्यासारख्या आहेत.

पहिली अडचण मनाची. आपल्याकडे उंदीर हा गणपतीचे वाहन. कित्येक घरांत जीव मारणे पाप मानतात. त्यामुळे पिंजऱ्यात सापडलेला उंदीर हलक्या हाताने गल्लीच्या टोकाला सोडून द्यायचा, अशी रीत होती आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. त्या भावनेला हसू नये. पण एक विचार करावा. आपण सोडलेला उंदीर हवेत विरून जात नाही. तो दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या कणगीत जातो. ज्याला मारायचे नसेल, त्याने उंदीर घरात येणारच नाही अशी व्यवस्था करावी. भोके बुजवावीत, धान्य झाकावे, खरकटे उघड्यावर टाकू नये. यात दया आहे आणि शहाणपणही आहे.

दुसरी अडचण हिशेबाची. हनोई शहरात 1902 साली फ्रेंच सरकारने उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावले. शेपट्यांचे ढीग येऊ लागले, पण उंदीर काही कमी होईनात. मग दिसले की लोक उंदीर पकडून नुसती शेपटी कापतात आणि उंदराला सोडून देतात, म्हणजे त्याची पिलावळ वाढेल आणि बक्षीसही चालू राहील. काहींनी तर उंदीर पाळायलाच सुरुवात केली होती. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्ले देते, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. अशा प्राण्याला नुसते मोजून हटवता येत नाही. शंभरातले तीस मारले, तर उरलेल्या सत्तरांना खाणे जास्त मिळते आणि ते थोड्याच काळात पुन्हा शंभर होतात. म्हणून सापळा लावायचा तर थोडे दिवस, पण पुष्कळ सापळे, आणि सगळ्या आळीने मिळून. एकट्याच्या घरातला एक सापळा वर्षभर मांडून ठेवण्यापेक्षा दहा घरांत तीस सापळे आठवडाभर लावणे कितीतरी अधिक उपयोगाचे.

आता आपल्या घरात येऊ. सर्वांत आधी शत्रू कोण ते ओळखा. चुलीमागे किंवा माळवदाच्या कडेला रात्री थोडे पीठ नाहीतर रांगोळी भुरभुरवा. सकाळी पावले दिसतील. लेंडी जिऱ्याएवढी असेल तर ती चिमुकल्या घरउंदराची. अर्ध्या इंचाच्या आसपास असेल तर मोठ्या उंदराची. अंगणात, गोठ्यात जमीन उकरून मातीचा ढिगारा केला असेल, तर ती घूस. लांब नाकाची, चुकचुक आवाज करणारी, उग्र वासाची चिचुंदरी दिसली तर तिला मारू नका. ती उंदराच्या जातीची नाही, तिचे मुख्य खाणे म्हणजे झुरळे आणि किडे.

सापळा त्या त्या प्राण्याच्या मापाचा घ्या. लहान उंदराला बोटभर लांबीचा, मोठ्या उंदराला वीतभर लांबीचा. मोठ्या उंदराला लहान सापळा लावला, तर तो मरत नाही, जखमी होतो आणि सापळाही ओढून नेतो. घुशीला लाकडी सापळा पुरत नाही, तिला मजबूत लोखंडी पिंजराच हवा. विकत घेताना दुकानातच चाप उघडून पाहा. तो फळीवर सरळ आणि जोराने बसला पाहिजे, वाकडा बसता कामा नये. खटका फार घट्ट नको आणि वाऱ्याने सुटेल इतका हलकाही नको. हे तपासायला बोट घालू नका, पेन्सिल घाला. सापळ्याने मारायचे तर एका क्षणात मारले पाहिजे. तडफडत ठेवणारा सापळा हा वाईट सापळा. इंग्लंडात पाय पकडून धरणारे दातेरी लोखंडी सापळे याच कारणासाठी 1954 च्या कायद्याने बंद ठरले आणि 1958 पासून त्यांचा वापर थांबला. चिकट पट्टीवर अडकून उंदीर तासन् तास तडफडतो. तीही त्याच जातीची, घरात आणू नये.

आता सापळा लावण्याविषयी. उंदीर मोकळ्या जागेतून फिरत नाही. तो भिंतीला अंग घासत, मिशांनी चाचपत जातो. म्हणून सापळा खोलीच्या मध्यावर ठेवला तर महिनाभर रिकामा राहील. तो भिंतीला काटकोनात ठेवा आणि खटक्याची बाजू भिंतीकडे करा, म्हणजे उंदीर कोणत्याही बाजूने आला तरी खटक्यावरूनच जाईल. लहान उंदीर फार लांब फिरत नाही, म्हणून त्याच्यासाठी पाच-सहा फुटांवर एकेक सापळा ठेवा. मोठा उंदीर संशयी असतो. रोजच्या वाटेवर नवी वस्तू दिसली की तो दोन-चार दिवस तिच्याजवळ फिरकत नाही. तेव्हा सापळा न ताणता नुसते आमिष ठेवून त्याला तीन-चार रात्री खाऊ द्या. सवय लागली की मग एका रात्री सगळे सापळे एकदम ताणा. तंजावरच्या सापळेवाल्याची पारख ती हीच. बांबू असो की पोलाद, आधी उंदराची चाल पाहायची आणि मग सापळा मांडायचा.

आमिष थोडे, पण घट्ट बसवलेले हवे. तव्यावर भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा, शेंगदाणा, गुळाची चिक्की, भज्याचा तुकडा, कोकणात सुका बोंबील. आमिष नुसते ठेवले तर चलाख उंदीर ते अलगद उचलून नेतो, म्हणून दोऱ्याने बांधावे. धान्याच्या कोठारात, जिथे दाणा हवा तेवढा आहे, तिथे दाण्याचे आमिष कशाला लागेल? तिथे दुसऱ्याच वासाचे काही ठेवा. आमिष शिळे झाले, बुरसले की बदला. शेतात किंवा अंगणात सापळा उघडा ठेवू नका. त्यावर फळकुटाचे छप्पर नाहीतर नळीचा तुकडा घाला, म्हणजे चिमण्या, साळुंक्या आणि कोंबडीची पिल्ले सापडणार नाहीत. मुंगूस तर कायद्याने संरक्षित आहे. मुंगूस, धामण आणि गव्हाणी घुबड हे आपले पगार न घेणारे राखणदार आहेत. त्यांना आपल्याच सापळ्यात मारणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे.

आणि निगा. सापळा रोज पहाटे पाहावा, हा पहिला नियम. उंदीर सापडला असेल तर हाताला पिशवी गुंडाळून किंवा चिमट्याने काढावा, खोल पुरावा आणि साबणाने हात धुवावेत. सापळा कढत पाण्याने आणि ब्रशाने धुऊन उन्हात वाळवावा. स्प्रिंगेला आणि खटक्याच्या सांध्यांना तेलाचा एकेक थेंब द्यावा. पावसाळ्यात लाकूड फुगते, खटका अडकतो, तार गंजते. म्हणून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक सापळा पेन्सिलीने तपासावा. स्प्रिंग ढिली झाली असेल तर तो सापळा टाकून द्यावा. ठेवताना नेहमी चाप सोडून ठेवावा. ताणून ठेवलेल्या सापळ्याची स्प्रिंग मरते आणि पोरांची बोटे सापडतात.

शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. हा सापळा वर्गात जरूर न्या. हाताने दिलेली शक्ती स्प्रिंगेत कशी साठते, लहानसा खटका मोठ्या ताणाला कसा थोपवून धरतो, हे मुलांना यापेक्षा सोप्या रीतीने दाखवता येणार नाही. आणि त्याच तासाला मुंबई-पुण्याच्या प्लेगची गोष्ट सांगा. विज्ञान आणि इतिहास यांचा एकत्र धडा होईल.

आता विष आहे तर सापळा कशाला, असे कुणी विचारील. विषाचे काम आहे, नाही असे नाही. 1948 पासून वॉरफरिनसारखी, रक्त गोठू न देणारी विषे आली, तेव्हा लोकांना वाटले की उंदराचा निकाल लागला. पण दहाच वर्षांत, 1958 साली, स्कॉटलंडमध्ये त्या विषाला न जुमानणारे उंदीर आढळले. शिवाय विष उंदराबरोबर कोंबडी, कुत्रा आणि खेळते मूलही ओळखत नाही. चाप सापळ्याला उंदीर सरावत नाही असे नाही, पण त्याच्या धारेची सवय रक्ताला लागत नाही. घरात मुले आणि जनावरे असतील तर सापळाच बरा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या वर्षी, ऑगस्ट-सप्टेंबर 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. भूकंपामुळे सोडून दिलेल्या घरांत धान्य पडून होते, आणि त्यावर उंदीर वाढले होते. पाठोपाठ सुरतेत साथ उठली, पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. म्हणजे प्लेगचे साल म्हणजे केवळ आजोबा-पणजोबांच्या वेळची कहाणी नव्हे. पावसाळ्यात उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टोचा ताप तर दरवर्षी भेटीला येतो. 26 जुलै 2005 च्या मुंबईतल्या पुरानंतर त्याने किती घरे रडवली, ते लोक विसरलेले नाहीत.

म्हणून हे पक्के लक्षात ठेवा. सापळा न लावता घरात, गोठ्यात, गल्लीत उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना हात लावू नका, आणि लगोलग सापळे मांडायलाही धावू नका. त्या वेळी उंदीर मारला की त्याच्या पिसवा माणसाच्या अंगावर येतात. सिमाँ यांच्या बरणीत तेच घडले होते. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. पिसवा मारण्याचे औषध आधी फवारले जाते, उंदरांचा नंबर त्यानंतर लागतो. आणि कुणाला ताप भरून जांघेत किंवा काखेत गाठ आली, तर त्याला लपवू नका. 1897 साली लपवण्याला कारण होते, दारात शिपाई उभा होता. आज दारात आरोग्यसेविका येते आणि रोगावर औषध आहे. वेळेवर दिले तर माणूस वाचतो.

फळी, स्प्रिंग आणि खटका एवढ्यात सापळ्याची किंमत संपते, थोड्या रुपयांची ती वस्तू. पण तो उपयोगी पडतो तो मांडणाऱ्याला उंदराची वाट ठाऊक असेल तेव्हा, आणि शेजाऱ्यानेही आपल्या घरी तो मांडला असेल तेव्हा. पुण्याच्या प्लेगमध्ये हीच दोन माहितगारं नव्हती, उंदराची ओळख आणि लोकांचा विश्वास. आज रात्री जेवण झाल्यावर भिंतीच्या कडेला चिमूटभर रांगोळी भुरभुरवून ठेवा, आणि सकाळी शेजाऱ्याला हाक मारून ती पावले दाखवा. तिथून सुरुवात होते.